समाजमंदिराच्या मागं

नूरखेडात सकाळी सात वाजता कचऱ्याची गाडी यायची आणि ती शिवकन्या चालवायची. ही एवढीशी गोष्ट, पण गावाला ती दोन वर्षं चघळायला पुरली. कर्नाटकात, कमलनगरपासून नऊ किलोमीटरवरचं मराठी बोलणारं गाव. बाईनं चारचाकी चालवावी हेच आधी नवल, त्यात गाडी कचऱ्याची आणि चालवणारी चांगल्या खात्यापित्या घरची सून. सासू वच्छलाबाई तर गाडी दाराशी लागली की पदर नाकाला लावायची, मग गाडी घासूनपुसून धुतलेली का असेना. पण बचतगटातून नाव गेलं, बीदरला महिनाभर शिकवणी झाली, लायसन हातात आलं आणि शिवकन्या स्टेअरिंगमागं बसली ती बसलीच. नवरा श्रीमंत बोअरवेलच्या गाडीवर कामाला, वीस-वीस दिवस मुलूख पालथा घालायचा. घरात सहा वर्षांची अंबिका, सासू आणि ती. सासूनं तोंड वाकडं केलं, पण पगाराच्या दिवशी ते सरळ व्हायचं, हेही खरं.

गाडीच्या टपावर भोंगा होता. बटण दाबलं की आधी स्वच्छतेचं गाणं, मग ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. दसऱ्याच्या आधी तालुक्यात झिकाच्या तापाचे दोन रोगी सापडले आणि वरून तिसरी सूचना आली. विरुपाक्ष सरांनी, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी, ती पेनड्राइव्हवर घालून दिली. शुद्ध, छापील, सरकारी कन्नडात.

आठ दिवस ती सूचना गावभर फिरली आणि एकाही माणसाची भुवई वर गेली नाही. आता नूरखेडात कन्नड येत नाही असा माणूस नाही. बाजारात, बसमध्ये, पोलीस ठाण्यात सगळे कन्नड बोलतात. पण कचेरीचं कन्नड ही वेगळीच जात. ते कानावर पडलं की लोक देवळातल्या मंत्रासारखी मान डोलावतात आणि आपल्या कामाला लागतात. बळीरामअप्पा दोनदा पंचायतीवर निवडून आलेला, गावचा शहाणा माणूस. तो तर सूचना ऐकून कार्ड घेऊन रेशन दुकानात जाऊन बसला. त्याला वाटलं, पुन्हा अंगठे लावायला बोलावलंय.

खरं काय ते मंगलला माहीत होतं. मंगल गावची आशाताई. समाजमंदिराच्या मागं तिचं घर, बारावी शिकलेली, बोलायला फटकळ. तिनं एका सकाळी गाडी थांबवली.

"शिवकन्या, तुझा भोंगा काय सांगायलाय, कळतंय का तुला?"

"थोडं थोडं. डासाचं हाय न्हवं?"

"डासाचं अर्धं. अर्धं नवरा-बायकोचं हाय." मंगलनं तिथंच गाडीला टेकून सगळं सांगितलं. हा ताप डासानं येतो, पण एकदा पुरुषाला येऊन गेला की नंतर तीन महिने त्याच्यापासून बायकोला लागू शकतो. बाई गरवार असेल, नाहीतर त्याच दिवसांत राहिली, तर पोटातल्या लेकराच्या मेंदूला धोका. "बायांच्या कानात मी सांगायलेय गं. पण बायांनी ऐकून काय उपेग? ऐकायचं ज्यांनी, ते माझ्यासमोर उभे न्हाई ऱ्हात. तू आपल्या बोलीत बोल. तुझी गाडी दारादारात जाती."

शिवकन्या 'हं' म्हणाली. पण तिला घरचंच आठवलं. चार दिवसांपूर्वी श्रीमंतचा फोन आला होता. आळंदकडं बोअर मारताना पाच-सहा दिवस ताप होता म्हणे, अंगावर पुरळ, डोळे लाल. आता एकदम ठणठणीत. शनिवारी घरी येतो.

आणि शनिवारची तयारी घरात सुरू झालेली होती. वच्छलाबाईला नातू हवा होता. तिनं नवस बोलून ठेवला होता आणि नवसाला आपल्या परीनं हातभारही लावत होती. श्रीमंत यायच्या दिवशी ती काही न बोलता अंबिकाची वाकळ उचलायची आणि आपल्या कोपऱ्यात नेऊन अंथरायची. "आजीजवळ गोष्ट ऐकायची, व्हय का न्हाई?" एवढंच अंबिकाला सांगायची. बाकीच्यांनी समजायचं ते समजायचं. सात वर्षं या घरात हा विषय वाकळेनंच बोलला जात होता, तोंडानं कधीच नाही.

मग श्रीमंतला सांगायचं कुणी? शिवकन्येनं त्याचं नावसुद्धा कधी तोंडानं घेतलं नव्हतं. ती त्याला 'अंबीचे पप्पा' म्हणायची. फोनवर तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिनं विचारलं, "ताप उतरला न्हवं?" आणि फोन ठेवला.

कदाचित म्हणूनच ती टेप करायला तयार झाली. घरात निघत नाही ते गावाला सांगून बघू, असं काहीतरी तिच्या मनात असावं. दुपारी शाळेमागं गाडी लावून, काचा वर करून, घामाघूम होत तिनं मोबाइलवर आवाज भरला. मंगल शेजारी बसून मुद्दे सांगत होती, शब्द शिवकन्येचे होते.

"ऐका, मायबापांनो. झिकाचा ताप आलाय. अंगावर पुरळ उठतंय, डोळे लाल होतेत. पाणी साचू देऊ नका, डास होतेत. आन दुसरं. ज्या बापयाला ताप येऊन गेला, त्यानं तीन महिने निरोध वापरल्याबिगर बायकोजवळ जाऊ नये. घरात गरवार बाई असंल तर बाळंत होईपतोर हाच नेम. निरोध फुकट हाय. आशाताई मंगल, समाजमंदिराच्या मागं. लाज दोन घडीची ऱ्हाती, लेकरू जन्माचं ऱ्हातंय."

विरुपाक्ष सर धारवाडकडचे, मराठी त्यांना जेमतेम. त्यांनी टेप कानाला लावून ऐकली. "अक्का, लोगों को समझता है ना? बस," म्हणाले आणि पेनड्राइव्हवर चौथ्या नंबरला चढवून दिली.

लोकांना समजली. अगदी पहिल्या गल्लीत, पहिल्या वाक्याला समजली.

मारुतीच्या कट्ट्यावर चहा पिणाऱ्या एकाला ठसका लागला तो थांबेना. एका आजीनं नातवाच्या दोन्ही कानांत बोटं घातली आणि स्वतः मात्र शेवटपर्यंत ऐकलं. बाया बादल्या दाराबाहेर ठेवून आत पळाल्या. दोन घरांनी तर गाडीत कचरा टाकायचं सोडून नाल्यात टाकला. या टेपचा आणि कांद्याच्या सालींचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत टेप पोरांच्या मोबाइलवर गेली. दुसऱ्या दिवशी गावाला नवी थट्टा मिळाली. कुणी कुणाला विचारावं, "कुठं निघालास?" आणि त्यानं डोळा मारून म्हणावं, "समाजमंदिराच्या मागं!" की सगळे खो खो. समाजमंदिराच्या मागं राहणाऱ्या बाकीच्या चार घरांची मात्र पंचाईत झाली. त्यांना पाहुण्यांना पत्ता सांगायची चोरी.

शिवकन्येला भोंग्याखाली बसून स्वतःचाच आवाज ऐकावा लागत होता, रोज, गल्ली गल्ली. स्टेअरिंग घट्ट धरून ती नुसती समोर बघायची. कान तापलेले असायचे. तिला वाटायचं, आपण रस्त्यातून उघड्या डोक्यानं चाललोय.

तिसऱ्या दिवशी बळीरामअप्पानं गाडी अडवली.

"काय लावलंय हे, बाई? लेकीसुना हायेत घरात."

"अप्पा, हेच तर आठ दिवस कन्नडात वाजायलं होतं. तवा कुणी काही म्हणलं न्हाई."

"कन्नडात सरकार बोलायलं होतं," अप्पा म्हणाला. "मराठीत तू बोलायलीस."

शिवकन्येनं गिअर टाकला आणि गाडी पुढं काढली. खोटंही नव्हतं ते. सरकारनं बोलावं, तेही न कळणाऱ्या बोलीत बोलावं, म्हणजे कुणाची अब्रू जात नाही. आपल्या गल्लीतल्या सुनेनं कळेल असं बोललं की गावाची इज्जत धोक्यात. माणसाची ही खोड कुठल्या औषधानं जायची नाही.

घरी वच्छलाबाईनं बोलणं टाकलं होतं. भाकरी वाढायची, ताट पुढं सरकवायची, पण शब्द नाही. चौथ्या दिवशी ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "आमच्या घरच्या बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर गेलता का कधी? आता शिवारभर फिरायलाय."

"आत्याबाई, लेकरांच्या भल्याचं हाय ते."

"ज्यांना ताप आलाय ते बघतील," वच्छलाबाई म्हणाली.

शिवकन्या ताट घेऊन उठली. श्रीमंतच्या तापाचं तिनं सासूला सांगितलेलंच नव्हतं. सांगितलं तर पुढचं सांगावं लागणार, आणि पुढचं सांगायचं म्हणजे सासूच्या हातातली वाकळ काढून घ्यायची. ते धाडस तिच्यात नव्हतं. तिला स्वतःची चीड आली. भोंग्यावर वाघीण, घरात मांजर.

शुक्रवारी पंचायतीत पाच-पंचवीस माणसं गेली. विरुपाक्ष सर भांडणाला भिणारे. त्यांनी हात जोडले, मराठी बंद, फक्त कन्नड वाजेल असं कबूल केलं. टेप काढायला मात्र ते विसरले. शिवकन्येला म्हणाले, "तीन के बाद बंद कर दो अक्का, झगडा नको." म्हणजे कन्नड संपलं की बटण दाबायचं आणि पुन्हा गाण्यावर यायचं. एवढंच.

शनिवारी सकाळी तिनं तसंच केलं. गल्ली शांत होती. कट्ट्यावरचे लोक मान डोलावत होते. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. संध्याकाळी श्रीमंत येणार होता.

बळीरामअप्पाच्या दारासमोर त्याची सून बादली घेऊन आली. पाचवा महिना, चालणं जडावलेलं. बादली ओतताना ती आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "अक्का, तुमची टेप कामून बंद झाली?"

"तुझ्या सासऱ्यालाच इचार की."

"आमच्याकडं टीव्ही चालू असतोय सकाळी. तुमची टेप आली की हे आवाज बारीक करायचे. पेपर डोळ्यासमोर धरायचे, पण पान पलटायचे न्हाई." तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. "ह्यांना मागच्या महिन्यात ताप आलता. मला बोलायला जमंना. गाडी बोलायली होती तर माझं काम व्हायलं होतं."

पुढच्या गल्लीत सुभद्राबाईनं विचारलं. तिच्या तर सुनेला दिवस गेले होते आणि ल्योक तापातून उठला होता. "मी सासू असून कसं सांगू गं ल्योकाला? तू सांगायली होतीस ते बरं होतं." त्याच्या पुढच्या गल्लीत आणखी एक. दोघीतिघी नुसत्याच भोंग्याकडं बघून गेल्या. मंगलनं तर हिशेबच दिला. तिनं निरोधचा डबा बाहेर खिडकीत ठेवला होता, म्हणजे कुणाला दार वाजवायला नको. "सगळे हसायलेत म्हणतीस ना? चार दिवसांत डबा अर्धा झालाय. कोण नेतंय, मी बघत न्हाई. पण मांजर तर न्हाई नेत."

शिवकन्या गाडी घेऊन घरी आली, ती धुतली, दारात लावली आणि पायरीवर बसून राहिली. गावातल्या बायांना तिच्या गाडीचा आधार होता. तिच्यासाठी कुठली गाडी येणार होती? मनातल्या मनात तिनं वाक्यं जुळवली. एक बरं जुळलं. नंतर तेही लाजिरवाणं वाटलं.

श्रीमंत संध्याकाळचा येणार होता, तो दुपारी तीनलाच कमलनगरच्या जीपमधून उतरला. अंबिकाला खांद्यावर घेतलं, पिशवीतून तिला फुगे दिले. शिवकन्येकडं मात्र सरळ बघेना. चहा देताना तो म्हणाला, "तुझी टेप पोचली आमच्यापतोर. बोअरच्या गाडीवर सगळे दिवसभर वाजवायलेत. श्रीमंतची बायको, श्रीमंतची बायको. जेवण ग्वाड लागंना मला."

"मी... ते लोकांसाठी..." ती म्हणाली. जुळवून ठेवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. कप घेऊन ती चुलीपुढं जाऊन बसली. आतल्या खोलीत वच्छलाबाईनं अंबिकाची वाकळ उचलली, झटकली आणि आपल्या कोपऱ्यात अंथरली. चार वाजले होते, ऊन अजून अंगणात होतं. म्हातारीला घाई झाली होती.

मग तिनं ल्योकाला न्हायला पाणी काढलं. बाहेरून आलेल्या ल्योकाची पाठ आपल्या हातानं चोळायची, ही तिची हौस. न्हाणी परसात, चुलीपासून चार हातांवर. भाकरी थापताना शिवकन्येला सगळं ऐकू येत होतं.

"हे काय उमटलंय पाठीवर?"

"पुरळ उठलंतं आई. खाजवून खाजवून डाग पडले. ताप आलता पाच-सहा दिस."

पाण्याचा आवाज थांबला.

"डोळे?"

"लाल झालते. तुला कुणी सांगितलं?"

"कवा आलता?"

"पंधरा दिस झाले. आता काही न्हाई गं, साधा ताप व्हता. पाणी वत की."

वच्छलाबाईनं पाणी ओतलं. टॉवेल दिला. मग ती चुलीपुढं येऊन उभी राहिली. शिवकन्येनं हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"तुला ठावं व्हतं," वच्छलाबाई म्हणाली.

शिवकन्येनं मान हलवली.

"गावाला सांगितलीस."

"घरात सांगवंना, आत्याबाई." आणि एवढं बोलून तिला रडू फुटलं. आठवडाभर गावापुढं न रडलेली बाई पिठाच्या हातांनी डोळे पुसायला लागली.

दाराच्या खुंटीवर गाडीची किल्ली होती, ती वच्छलाबाईनं घेतली. दोन वर्षांत जिनं त्या गाडीला बोट लावलं नव्हतं, ती म्हातारी पदर खोचून, दांड्याला धरून, एक पाय वर टाकून ड्रायव्हरच्या जागेवर चढून बसली. रोज सकाळी दारातून नाक मुरडत बघितलेलं होतं, ते कामी आलं. किल्ली फिरवली, लाल बटण दाबलं.

दुपारी साडेचारला गल्लीत स्वच्छतेचं गाणं सुरू झालं. बाया बादल्या घेऊन गोंधळून बाहेर आल्या. गाणं संपलं. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. मग सरकारी कन्नड, लांबच लांब. श्रीमंत टॉवेल गुंडाळून दारात आला.

"आई, काय करायलीस? उतर खाली! बंद कर ते!"

"थांब," वच्छलाबाई म्हणाली. तिनं दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले होते आणि ती समोर बघत होती. "तुझ्या बायकोचं यायचंय अजून."

आणि ते आलं. ऐका, मायबापांनो. शिवकन्या चुलीपुढून उठून दाराच्या आडोशाला येऊन उभी राहिली. आठवडाभर तिला हा आवाज नकोसा झाला होता. आज पहिल्यांदा तिला तो नीट ऐकू आला. थोडा कापत होता, पण कुठं अडखळत नव्हता. ज्या बापयाला ताप येऊन गेला. तीन महिने. श्रीमंतनं एकदा आईकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग तो खाली बघत राहिला, ओल्या पायांनी, 'लेकरू जन्माचं ऱ्हातंय' वाजून होईपर्यंत.

वच्छलाबाईनं किल्ली काढली, सावकाश उतरली, किल्ली खुंटीला लावली. आत गेली. आपल्या कोपऱ्यातली अंबिकाची वाकळ उचलून तिनं शिवकन्येच्या अंथरुणाच्या जागी नेऊन टाकली.

"अंबी तिच्या मायजवळ झोपंल," ती म्हणाली. "तीन महिने."

"साधा ताप व्हता, आई."

"असंल. मी नवस केलाय तो सुखरूप लेकरासाठी केलाय. तीन महिन्यांनी देव कुठं पळून जात न्हाई." मग आवाज थोडा खाली आणून, भिंतीकडं बघत तिनं जोडलं, "न्हाईतर टेपमध्ये पत्ता दिलाय."

श्रीमंतनं कपडे घातले. बराच वेळ केस विंचरले. शिवकन्येच्या समोर येऊन उभा राहिला, तिचं पिठानं माखलेलं तोंड बघून त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं. "मला एकदा फोनवर सांगायचं व्हतंस," तो म्हणाला. "मी काय वाघ हाय?"

"जिभेवर आलतं," ती म्हणाली.

त्यानं चपला घातल्या आणि बाहेर पडला. गल्लीतल्या बाया अजून बादल्या घेऊन उभ्याच होत्या. कट्ट्यावर बळीरामअप्पा बसला होता. टेप त्यानंही ऐकलीच होती, पण सवयीनं विचारून गेला, "श्रीमंत, आत्ताच आलास की रे. कुठं निघालास?"

बायांच्या माना श्रीमंतकडं वळल्या. दारामागून शिवकन्या बघत होती.

"समाजमंदिराच्या मागं, अप्पा," श्रीमंत म्हणाला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. डोळा न मारता.

कुणी हसलं नाही. अप्पानं घसा खाकरला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "बरं, बरं. जा." अप्पाच्या दारात त्याची सून रिकामी बादली पोटाशी धरून उभी होती.

शिवकन्येला एकदम हलकं वाटलं. तव्यावरची भाकरी करपली होती, तिकडंही तिचं लक्ष गेलं नाही. वच्छलाबाईचं गेलं. तिनं भाकरी उलथली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि हात झटकत आतल्या खोलीत गेली. जाताना पुटपुटत होती, "एका जागी ठरू देत न्हाईत मेले, लेकराला सारखं हिकडून तिकडं."

आणि तिनं अंबिकाची वाकळ उचलून पुन्हा आपल्या कोपऱ्यात नेऊन अंथरली.